हाताला कळलं ते

सोलमोक, १४ मार्च

वन्सं,

आम्ही दोघी काल संध्याकाळी घरी पोचलो. बसमध्ये सोदाम किंचाळत होती तेव्हा पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ वळून म्हणाले, "पोर आवरत नसेल तर बाहेर काढू नये." मी उठून, वाकून माफी मागितली. ती नऊ वर्षांची झाली. एवढ्या वर्षांत मला हे एक काम फार सफाईने जमायला लागलंय.

पोचल्याचा फोन केला नाही म्हणून रागावू नका. फोनची घंटी वाजली की ती भिंतीवर डोकं आपटते, त्यामुळे घरात तो बंदच असतो. समुद्री शेवाळ वाळवायच्या शेडवर कामाला गेल्यावर चालू करावा, तर तिथल्या यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. शिवाय पत्रात सासूबाईंना मध्ये बोलता येत नाही.

तुमच्या संस्थेतल्या त्या खोलीत ती इतका वेळ बसली कशी, याचंच मला अजून नवल वाटतंय. डोक्यावर तारांची टोपी, हातात तो दांडा, समोर पडद्यावर ठिपका. ठिपका चौकोनात न्यायचा आणि दांडा मात्र तिचा हात मुद्दाम एका बाजूला ढकलणार. मी काचेपलीकडे उभी होते. तिच्याकडे बघण्यापेक्षा मी तुमच्याकडेच जास्त बघत होते. तुमच्यासमोर तिच्या मेंदूच्या रेघा पळत होत्या. मध्येच तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात आणि शेजारी बसलेल्या मदतनीस मुलाला काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?

सासूबाई विचारत होत्या, "डोक्याला तारा लावून काय कळलं? मला विचारायचं, फुकटात सांगितलं असतं. पोरगी हट्टी आहे, बापावर गेलीय." तुमचे भाऊ गोजेच्या जहाजकारखान्यातून महिन्याने घरी येतात, तेही हेच म्हणतात, फक्त आईवर गेलीय म्हणतात.

खरं सांगते, बटण लावायला शिकवून मी थकले. समोर बसून दाखवते, सावकाश दाखवते, ती बघतेसुद्धा. आणि बोटं जशीच्या तशी मांडीवर. चॉपस्टिक्सचं तर मी सोडूनच दिलंय. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, आणि ती कोणती ते तुम्हाला लिहायची गरज नाही. माझ्यानंतर हिचं बटण कोण लावणार?

काय निघालं ते कळवा.

नानही

*

देजॉन, २२ मार्च

प्रिय नानही,

तुझं पत्र आलं. बसमधल्या त्या माणसासाठी मी इथूनच एक शिवी दिली आहे.

आधी चांगली बातमी. सोदाम शिकली. आणि नुसती शिकली नाही, भक्कम शिकली. मी डॉक्टर नाही, यंत्र चालवणारी बाई आहे, पण या खोलीत मी बरीच मुलं पाहिली आहेत. बहुतेक मुलं पडद्याकडे बघून हात सुधारतात. ठिपका कुठे चुकला ते डोळ्यांनी बघायचं आणि पुढच्या खेपेला तेवढं सावरायचं. सोदामने डोळ्यांचा उपयोग जवळजवळ केलाच नाही. दांडा ढकलतोय हे तिच्या खांद्याला आणि कोपराला कळलं आणि त्यांनीच ते लक्षात ठेवलं. आम्ही पडदा झाकला तरी तिचा हात बरोबर जात होता. स्वमग्न मुलांपैकी सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं असं असतं, असं इथले मोठे डॉक्टर म्हणतात. मेंदूतल्या ज्या भागात हालचालींची नोंद होते, तिथे तिच्या रेघाही तसंच सांगत होत्या.

म्हणजे बघ, तू समोर बसून दाखवत होतीस आणि तिला दाखवण्याचा उपयोगच नव्हता. तू तिच्या मागे बस. तिच्या हातांवर तुझे हात ठेव आणि बटण तुम्ही दोघी मिळून लावा. बोलू नकोस, हातांनाच बोलू दे.

एक गोष्ट ध्यानात ठेव. शेवटी आम्ही यंत्राचं ढकलणं बंद केलं. बाकीची मुलं चारदोन फेऱ्यांत सरळ होतात. तिचा हात मात्र कितीतरी वेळ जुन्याच जोराने तिरका जात राहिला. एकदा हाताला कळलं की ते पुसायला तिला वेळ लागतो. म्हणून काय शिकवायचं ते नीट ठरवून शिकव.

मी शेजारच्या मुलाला काय म्हटलं? एक तार सैल झाली होती, एवढंच.

आणि हो, मे महिन्यात तिला परत एकदा आण. झोपेत असतानाची एक नोंद घ्यायची आहे. विशेष काही नाही.

आईला म्हणावं, हट्टीपणा बापावर गेला असेल तर बापाचा कुणावर गेला?

हेग्योंग

*

सोलमोक, १० एप्रिल

वन्सं,

तिने बटण लावलं. आज सकाळी, गुलाबी स्वेटरचं, वरून दुसरं. मी हात काढून घेतला होता आणि तिला कळलंही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडकं कोंबून रडले, कारण माझा आवाज ऐकून ती घाबरली असती.

पण मोठी बातमी पुढेच आहे. मी तिला मागून धरून शिकवते हे सासूबाई रोज बघत होत्या. तोंडाने टोमणे चालूच होते, "ही काय बाहुली आहे का दोरीवरची?" आणि एक दिवस मी शेडवरून आले तर दोघी घरात नाहीत. मी धावत किनाऱ्यावर गेले. ओहोटी लागलेली, चिखल लांबवर उघडा पडलेला, आणि त्यात दूर दोन ठिपके. सासूबाई गुडघ्यांवर, त्यांच्या पुढ्यात सोदाम, दोघींच्या हातात मिळून एक खुरपं. चिखलातले शिंपले, तिसऱ्या, काढत होत्या.

तुमचं माहेर किनाऱ्यावरचं, तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. मी डोंगरातली. एवढी वर्षं इथे राहून मी चिखलावर फारशी गेलेले नाही. ती जमीन मला जमीन वाटतच नाही. आत्ता आहे आणि मग नाही. मी काठावरून हाका मारत राहिले, आणि त्या दोघींनी मान वर केली नाही.

आता रोज जातात. सासूबाई म्हणतात, "मला पन्नास वर्षं लागली ते पोरीने आठवड्यात उचललं." वाट तिला पाठ झालीय. दगडी धक्का, मग ओहळाच्या कडेने, मग मोडक्या होडीच्या सांगाड्यावरून उजवीकडे. चिखल कुठे घट्ट आणि कुठे मऊ हे पायांनी चाचपत जाते. घरी येते तेव्हा तोंडभर चिखल असतो आणि ती गुणगुणत असते. वन्सं, ती याआधी कधी गुणगुणली नव्हती.

मे महिन्याचं मात्र जमणार नाही. तिसऱ्यांचा हंगाम आहे, आणि इतकं छान चाललंय तर परत बस, परत टोपी नको वाटतं. जुलैत येऊ.

नानही

*

देजॉन, १९ एप्रिल

प्रिय नानही,

तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या मुलाला, ज्याच्याशी मी बोलत होते, त्याला स्वेटरचं बटण ऐकून हुंदका आला. तो अजून नवा आहे.

जुलै फार लांब आहे. मे महिन्यातच जमव. हवं तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाते, बसऐवजी गाडीने येऊ, वाटेत थांबत थांबत. आईच्या तिसऱ्या दोन दिवस वाट बघतील.

एक साधा प्रश्न, इथल्या अर्जात भरायचा राहून गेला होता. सोदाम जेवताना किंवा खेळताना मध्येच थांबते का? म्हणजे हाताला धरलं तरी कळत नाही, डोळे एकाच जागी, मग पुन्हा पहिल्यासारखी? आठवून बघ आणि लिही.

आणि चिखलावर आईबरोबर आणखी कुणीतरी असू दे. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. तिला सांगू नकोस मी असं म्हटल्याचं, नाहीतर मलाच खुरपं घेऊन शोधत येईल.

हेग्योंग

*

सोलमोक, २ मे

वन्सं,

तुमचा साधा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. तो मला साधा वाटला नाही.

हाक मारली तर तिला ऐकू जात नाही, हे तुम्हाला ती दोन वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तुम्हीच तर सगळ्यात आधी म्हणाला होतात की हिला कुणालातरी दाखवा. मग आता अर्जात काय नव्याने भरायचं आहे? तुमच्या लोकांना माझी मुलगी आवडलीय का, एकदा बघून पोट भरलं नाही? सासूबाई म्हणतात, तसल्या जागी एकदा गेलं की परत परत बोलावतात, त्यांना मुलं लागतात. मी त्यांना गप्प केलं, पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

मला माफ करा. वाईट लिहिलं. फाडून नव्याने लिहायला हवं होतं, पण शेडवर जायची वेळ झालीय.

थांबण्याचं विचारलंत ना, तर हो, थांबते. पण तुम्ही म्हणता तसं काही नाही. ती ऐकत असते. चिखलावर काम करताना खुरपं हवेतच राहतं, नजर स्थिर होते, ओठ जरासे हलतात, काही चघळल्यासारखे. सासूबाई म्हणतात, तिला आत तिसऱ्या सरकताना ऐकू येतात. मग पुन्हा उकरायला लागते, आणि खरंच तिथे तिसऱ्या निघतात. आधी कधीतरीच व्हायचं, हल्ली रोज होतं. परवा पाण्यात पाय धुताना असंच ऐकत उभी राहिली आणि खाली बसली, तेवढंच. सासूबाईंनी धरलं.

हे मी तुम्हाला सांगितलं, आता तुम्ही मला लिहा की यात काही नाही. पुढच्याच टपालाने लिहा.

सध्या रोज सकाळी धुकं असतं. समोरचं बेट दिसत नाही, काही दिवस धक्कासुद्धा दिसत नाही. दोघी तरीही जातात. सोदामला वाट बघायला डोळे लागत नाहीत, असं सासूबाई अभिमानाने सगळ्या गावाला सांगत फिरतात.

नानही

*

७ मे, देजॉनहून ताएआनला जाणाऱ्या बसमध्ये

नानही,

अक्षर वाचता येत नसेल तर रस्त्याला दोष दे. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. समोर उभी राहिले की आईपुढे मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र मला आज सकाळी कामावर जाताना मिळालं. जिन्यातच वाचलं. तुझा फोन लागला नाही. शेडवर लावला, तिथे कुणी उचलला नाही. मग गावप्रमुख प्यो काकांच्या घरी लावला. त्यांना विचारलं, आई आणि सोदाम कुठे आहेत? ते म्हणाले, धुक्यात काही दिसत नाही, पण पहाटेच चिखलाकडे जाताना पाहिल्या. मी म्हटलं, त्यांना ताबडतोब वर बोलवा. ते म्हणाले, गावच्या भोंग्यावरून सांगतो. फोन तसाच ठेवून ते गेले. मला फोनमधून भोंगा ऐकू येत होता. मग फोन बंद झाला. त्यानंतर मी लावते आहे आणि कुणी उचलत नाही.

तार सैल झाली नव्हती.

त्या दिवशी तिच्या रेघांमध्ये टोकदार शिखरं आली होती. एकामागून एक, झुंडीने. मी त्या मुलाला म्हटलं होतं, "हे बघ, हे काय आहे." ती ठिपका नेता नेता मध्ये थांबली होती. तुला काचेपलीकडून ते कंटाळल्यासारखं दिसलं असेल. ती आकडी होती, नानही. लोकांना माहीत असते तशी अंग झटकणारी नाही, ही गुपचूप येते. स्वमग्न मुलांना ती बऱ्याचदा असते. मी लगेच मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एकाच नोंदीवरून घरच्यांना घाबरवू नका, झोपेतली नोंद होऊ द्या, मग मी सांगेन. सांगायचा अधिकार त्यांचा आहे, माझा नाही. मला वाटलं, मेपर्यंतच तर थांबायचं आहे.

तू लिहिलंस की ती चिखलावर जाते, तेव्हाच मला धोका कळला होता. तरी मी तुला अर्जातला प्रश्न म्हणून विचारलं. तुझ्या पत्रात ती गुणगुणते असं होतं. मला ते मोडवेना.

ती थांबते तेव्हा ऐकत नसते. तेव्हा तिला काहीच ऐकू येत नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा ती बुडू शकते.

बाहेर सगळं पांढरं आहे. ड्रायव्हरने दिवे लावले आहेत. शेजारच्या बाई विचारताहेत, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, हो. त्यांनी मला संत्रं सोलून दिलं. ते हातात धरून बसले आहे.

तुम्ही तिघी घरी असाल. आई मला शिव्या देईल. तसंच असू दे.

हेग्योंग

*

सोलमोक, २९ मे

वन्सं,

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही पत्र माझ्या हातात दिलंत आणि मी तुमच्याकडे न बघता ते खिशात घातलं. तुम्ही बाकावर बसून राहिलात, मी आत निघून गेले. पत्र मी तीन आठवडे उघडलं नाही. आता वाचलं आहे.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला नीट कुणी सांगितलं नसेल. तुम्ही त्यांच्या लेक आहात. तुम्हाला कळायला हवं.

मी शेडवर होते. यंत्र थांबलं होतं म्हणून भोंगा ऐकू आला. "सोदामच्या आजी, मुलीला घेऊन लगेच वर या. देजॉनहून फोन आहे." प्यो काका तेच तेच सांगत होते. मी जशी होते तशी धावले. धक्क्यावर पोचले तर पुढे काही नाही. वन्सं, मी धुकं पाहिलंय, पण असं नाही. माझा स्वतःचा हात मला ओला कापूस लावल्यासारखा दिसत होता. खाली पाण्याचा आवाज येत होता. भरती लागलेली होती, आणि ती समोरून यायच्या आधी ओहळांमधून मागच्या बाजूने भरते.

भोंगा सोदामला सहन होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. भोंगा किनाऱ्यावर होता. ती किनाऱ्यापासून पळाली.

सासूबाई नंतर म्हणाल्या, "मी वर यायला वळले, तर तिने कान झाकले आणि हिसडा मारून गेली. कुठे जाईल? पायांना ठाऊक असलेल्या वाटेनेच गेली, होडीच्या सांगाड्याकडे. मी मागून हाका मारतेय, पाणी भरतंय, तिला वळायचं ठाऊकच नाही. वाट जिथवर शिकवली तिथवर जाणारच. मीच शिकवली." त्यांनी ओहळाच्या काठावर तिचा सदरा धरला. तेवढ्यात ती थांबली. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, ऐकतेय." मग ती पाय मोडून पाण्यात कोसळली आणि या वेळी अंगही झटकू लागलं.

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. पाणी कमरेला होतं, मग छातीला आलं. एका हाताने पोरीचं तोंड वर धरून दुसऱ्या हाताने त्या खुरपं पत्र्याच्या बादलीवर आपटत राहिल्या. प्यो काकांनी भोंगा बंद केला तेव्हा तो आवाज आम्हाला ऐकू आला. काका आणि त्यांचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आत गेले. मला त्यांनी येऊ दिलं नाही. मी धक्क्यावर उभी होते. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला, मग बादलीचा आवाज थांबला. तो थांबल्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. तो वेळ कसा गेला ते मी कुणालाच सांगू शकणार नाही. तुम्हालाही नाही.

सोदाम वाचली. सासूबाईंच्या छातीत पाणी झालं, आणि तुम्ही त्यांना पाहिलंच आहे, त्या कुशीवर वळतात तेव्हा ओठ निळे पडतात. अजून दवाखान्यातच आहेत. त्या तुमच्याबद्दल विचारतात. मी सांगते, कामात असतील.

तुम्हाला मार्चमध्ये कळलं होतं. डॉक्टरांनी सांगायचं होतं, तुम्ही नाही, हे मला समजतं. पण तुम्ही संस्थेतल्या बाई म्हणून माझ्या लग्नात नाचला नव्हतात.

माझंही सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की सगळं तुमच्याच माथी मारते आहे. पाय धुताना ती खाली बसली हे सासूबाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, कशी बसली? मला कळलं होतं. काय ते नाही, पण काहीतरी आहे हे कळलं होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी तिला पाठवली, कारण ती दारात बूट घालून उभी होती आणि हसत होती.

नानही

*

देजॉन, ११ जून

नानही,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे स्वतःची बाजू मांडायची असं होतं, म्हणून मी आधी लिहिलेली दोन पत्रं टाकून दिली.

भोंगा मी वाजवायला लावला. तिच्या हाताच्या प्रत्येक हालचालीची नोंद माझ्याकडे आहे, आणि तिला आवाज सहन होत नाही ही गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही. तू मला दोष दिला नाहीस. तू फक्त, भोंगा किनाऱ्यावर होता, असं लिहिलंस.

मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, ही मुलगी घरातच असते." आता असं काही दिसलं की त्याच आठवड्यात घरच्यांना कळवायचं, असं ठरलं आहे. यात मला काही समाधान नाही, फक्त तुला माहीत असावं म्हणून लिहिते. मी त्यांना सांगितलं की काही दिवस मला पडद्यासमोर बसवू नका. एखादं मूल मध्येच थांबलं की मला उठून आत जावंसं वाटतं. परवा एका मुलाने नुसती शिंक यायची वाट बघितली आणि मी यंत्रच बंद केलं.

सोदामच्या औषधाविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोलले. सुरुवातीला ती मंद होईल. शिकलेलं काही काळ सुटल्यासारखं वाटेल. बटण गेलं तर घाबरू नकोस. पुन्हा मागे बसून हात ठेव.

आईला भेटायला तुझ्या पत्रानंतर मी दर रविवारी येते आहे. तू शेडवर असतेस त्या वेळी येते. नर्सला सांगितलंय की तुला सांगू नकोस, पण आई सांगेलच. परवा म्हणाली, "नणंद-भावजय दोघी मला चुकवून येता-जाता, मी काय बसस्टॉप आहे?"

तुला माझं तोंड बघावंसं वाटेल तेव्हा मला लिही. नाही वाटलं तर आकडी कधी आली, किती वेळ होती, एवढं तरी लिहीत जा. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

हेग्योंग

*

सोलमोक, २३ सप्टेंबर

वन्सं,

कार्डं मिळाली असतील. आज पुरं पत्र लिहिते आहे. राग गेलाय असं म्हणणार नाही. कधीकधी भांडी घासताना अचानक येतो आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते. पण सोदामच्या हातांबद्दल दुसऱ्या कुणाला लिहावं ते मला कळत नाही.

बटण जुलैत गेलं होतं. चमचासुद्धा सुटायला लागला होता. औषधाने ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची, ओल्या पोत्यासारखी. मी मागे बसून हात धरायची आणि तिच्या हातात मला काहीच जोर लागायचा नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मुलगी वाचली आणि आत कुणी राहिलं नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी गोळी बदलली. हळूहळू बोटांत जीव आला. आता बटण दोन्ही स्वेटरांचं लावते.

सासूबाई घरी आहेत. दम लागतो, त्यामुळे दारातल्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चुका काढतात. चिखलाचं नाव काढत नाहीत. सोदाम मात्र विसरलेली नाही. ओहोटीची वेळ झाली की बूट घालून फाटकाशी उभी राहते. तिला ती वेळ कशी कळते कोण जाणे, रोज निराळी असते. मी फाटकाला कुलूप घातलं. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त उभी राहिली. रोज. पाणी परत भरेपर्यंत.

गेल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "कुलूप किती वर्षं लावणार?"

मी म्हटलं, "तुम्हाला बोलायला काय जातं?"

त्या म्हणाल्या, "मला जायचं ते गेलं. मी विचारतेय, तुझ्यानंतर कुलूप कोण लावणार?"

मी त्या दिवशी जेवले नाही. मग प्यो काकांकडे गेले. भोंग्यावर आमच्यासाठी कधीही काही सांगायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. भरतीचं वेळापत्रक त्यांच्याबरोबर बसून वाचायला शिकले. तुमच्या भावाला सांगितलं, तर त्यांनी गोजेहून पाण्यात तरंगायची दोन नारिंगी जाकिटं पाठवली आणि फोनवर म्हणाले, "तू जाणार? तू तर डबकं बघून वळसा घालतेस."

काल आकाश स्वच्छ होतं. मी कुलूप काढलं. प्यो काकांची बायको जरा अंतरावर तिसऱ्या काढत होती, तिला सांगून ठेवलं होतं. चिखलात पहिलं पाऊल टाकलं आणि बूट आत गेला, तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. सोदामने मागे बघितलं नाही. ती पुढे, मी तिच्या जाकिटाची दोरी धरून मागे. होडीच्या सांगाड्यापर्यंत गेलो. पाणी लांब होतं. मी दर थोड्या वेळाने उभी राहून बघत होते, ते खरंच लांब आहे का.

ती उकरत होती. मग तिचा हात हवेत थांबला.

ओठ हलायला लागले. तेच. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते माझ्यासमोर, भर उन्हात. मला पळायचं होतं, तिला उचलून किंवा न उचलताही. मी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, तिला कुशीवर माझ्या मांडीवर घेतलं आणि तोंड मोकळं ठेवलं. काकांच्या बायकोला हात केला, ती येऊन शेजारी उभी राहिली. सोदामच्या पापण्या फडफडत होत्या. चिखलातून बारीक बुडबुडे येत होते आणि फुटत होते. मला वाटलं, हे आता संपणार नाही. मग संपलं. तिने श्वास सोडला, माझ्या मांडीवर थोडी लाळ गळली, आणि डोळ्यांत ती परत आली.

मी म्हटलं, "घरी जायचं?"

ती उठून बसली. चिखलात हात फिरवून तिने खुरपं शोधलं आणि जिथे थांबली होती तिथूनच उकरायला लागली.

मी बसल्या जागेवरूनच समुद्राकडे बघितलं. पाणी होतं तिथेच होतं. मग मीही तिच्या शेजारी हातांनी उकरायला लागले.

नानही